बोका होंदाच्या अडीच बोटांच्या तहाची बखर

नदीमुखावरील समस्त थोरांस व कांदळवनातील लहानसहान जीवांस विज्ञापना ऐसीजे. एस्मेराल्दास प्रांती, बोका होंदा मुक्कामी, शिंपले वेचणाऱ्या सव्वीस बायांच्या संघटनेने शाश्वत विकासाचे ध्येय व तत्त्वे कैसी मुक्रर केली, कोण कोणावर रुसली आणि कोण कोणाच्या दारी गेली, हे वर्तमान आम्ही याच घाटावर होडी वल्हविता वल्हविता डोळां देखिले तैसे लिहितो. पदरचे घातले असल्यास मिठापुरतेच.

त्या समयी संघटनेची गादी दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओब्दुलिया मिना सांभाळीत होत्या. बाई धिप्पाड, आवाज होडीच्या भोंग्यास लाजवील ऐसा, आणि चिखलात खांद्यापावेतो हात घालून तिवराच्या मुळांतून काळा शिंपला उपसण्यात तिची सर प्रांतात कोणास नव्हती. मग राजधानीहून खलिता आला की, कांदळवनाची राखण गावाकडे हवी असल्यास संघटनेने आपले ध्येय व तत्त्वे शुक्रवारपावेतो दाखल करावी, अन्यथा अर्ज बाद. अर्ज बाद होण्याची वाट कोळंबीच्या तळ्यांचा मालक पाहतच होता आणि झाडे तोडून नवी तळी खणण्यास त्याने करवती परजून ठेविल्या होत्या. झाडे गेली तर शिंपला गेला आणि शिंपला गेला तर चूल गेली, हे सांगण्यास कोणी पंडित नको होता.

तथापि पंडित आलाच. ध्येय लिहून देण्यास इंजिनिअर ग्वाल्बेर्तो यांची स्वारी रंगीत कागदांच्या गठ्ठ्यासह बुधवारी घाटावर उतरली आणि त्यांनी शाळेच्या भिंतीवर कागद डकवून ध्येय वाचून दाखविले की, ‘परिसंस्थाधिष्ठित समावेशक मूल्यसाखळीचे समन्वयात्मक सक्षमीकरण.’ बायांच्या घोळक्यातून एकीने विचारले, “साहेब, हे शिंपल्याबद्दलच आहे ना?”

“अप्रत्यक्षपणे,” इंजिनिअर म्हणाले.

“तुम्ही आधी जेवून घ्या,” ओब्दुलिया म्हणाल्या. “मग आमच्याबरोबर चिखलात या. लिहिणं कुठं पळून जात नाही.”

ऐसा हुकूम होताच इंजिनिअरांनी नारळाच्या रसातली मासळी आणि तळलेली कच्ची केळी यांचा समाचार घेतला, आणि मग फौजेसह कांदळवनात उतरले. डासांनी त्यांजवर चोहोंकडून हल्ला केला, मुळांनी पाय धरिले, आणि दोन घटका झुंजून त्यांनी एक शिंपला काढून विजयी मुद्रेने वर धरिला.

“लेकरू आहे ते. घरी सोडा,” ओब्दुलिया म्हणाल्या.

“पण लहान म्हणजे किती लहान?” इंजिनिअरांनी विचारले.

या एका सवालावरून खरे युद्ध पेटले. गुरुवारी शाळेत सभा भरली आणि ओब्दुलियांनी फर्माविले की, अडीच बोटांहून लहान शिंपला कोणी उचलू नये. सर्वांनी माना डोलविल्या. तेव्हा त्रान्सितो मावशी उठल्या. वय सत्तरीपार, आणि ओब्दुलियांस पोरवयात चिखलात हात घालण्यास यांनीच शिकविले होते.

“तुझा हात खांद्यापर्यंत जातो, बाई,” त्या म्हणाल्या. “माझा कोपराशीच अडतो. वरवर सापडतात ते लहानच. मग मी खाऊ काय, तुझं ध्येय?”

मावशींनी टोपली उचलली आणि त्या निघाल्या, आणि त्यांच्यामागे अकराजणी निघाल्या, आणि फौज दुभंगली. ओब्दुलिया म्हणाल्या, “जाऊ द्या म्हातारीला.” पण म्हणताना त्यांचा आवाज प्रथमच भोंग्यासारखा लागला नाही.

शुक्रवारी दुपारच्या भरतीस कागद घेऊन कचेरीकडे होडी सुटावयाची होती. सकाळीच ओब्दुलिया निःशस्त्र व एकट्या मावशींच्या दारी गेल्या. मावशी केळी तळीत होत्या.

“रागावलीस, मावशी?”

“भूक लागलीय. राग नंतर.”

“लेकरंच उचलली, तर पाच वर्षांनी मोठा शिंपला यायचा कुठून?”

“पाच वर्षांनी मी कुठं असेन, ते आधी सांग.”

ओब्दुलियांनी चुलीपाशी बसून केळ्याचा एक काप उचलला. मग म्हणाल्या, “प्रत्येक टोपलीतले सहा शिंपले तुझे.”

“मी भीक घेत नाही.”

“भीक कोण देतंय? घाटावर बस आणि माप तपास. कोण लबाडी करतंय ते तुझ्याइतकं कुणाला कळतं?”

मावशींनी तव्यावरचा काप उलटला. “तुझंही तपासेन.”

“तपास.”

“आणि बोटं माझी धरायची. तुझी केळ्याएवढी आहेत.”

तह झाला. इंजिनिअरांनी मावशींची बोटे पट्टीने मोजून आकडा लिहिला आणि भिंतीवरचे रंगीत कागद आपल्या हाताने उतरविले. ध्येय ऐसे ठरले की, आमच्या नातींनाही हात घातला की शिंपला लागावा. तत्त्वे तीन: झाड तोडू नये, अडीच बोटांहून लहान तो चिखलात परत, आणि जिचा हात अडेल, तिची चूल संघटनेची. अकराजणी परतल्या आणि सव्वीस अंगठे व सह्या उमटल्या.

कचेरीतील कारकुनाने कागद उलटापालटा करून पाहिला. “बारा पानं लागतात. हे एवढंच?”

“एवढंच,” इंजिनिअर म्हणाले. “पण हे त्या पाळतील.”

कारकुनाने शिक्का मारिला.

येणेप्रमाणे बोका होंदाचे कांदळवन दहा वर्षांकरिता सव्वीस बायांच्या राखणीस आले आणि करवतीवाला काढता पाय घेता झाला, हे नमूद असावे. मंजुरीचे पत्र मंगळवारी सकाळी पोहोचले. विजयोत्सव झाला नाही. ओहोटी लागून चिखल उघडा पडला होता, आणि ओहोटीस बाया घरी बसत नाहीत.