माहेरवाशीण पाइपलाइन

समुद्राखालची पाइपलाइन हल्लीच्या नव्या पद्धतीत कुणी टाकत नाही. तिला पलीकडचं माहेर समजावून सांगतात आणि ती तळातून आपली आपण चालत जाते.

बेटावर पाणी न्यायचं ठरलं, तेव्हा सांगण्याच्या कामावर द्वारकाबाई कुबल यांची नेमणूक झाली, कारण त्यांचं माहेर त्याच बेटावर होतं. भाच्याच्या लग्नात मानाचा नारळ आधी कुणाला, यावरून त्यांचा नवरा आणि भाऊ भिवा यांचं बिनसलं होतं. नारळ तेव्हाच चटणीला गेला, पुढे नवराही गेला, अबोला मात्र ठणठणीत राहिला. किनाऱ्यावरून माहेरची कौलं दिसत, आणि ती बघून द्वारकाबाईंचा जीव रोज तुटत असे.

पाइपच्या तोंडाशी बसून त्या सांगत: कुठल्या खडकावर कालवं पाय कापतात, विहिरीशी बकुळ कशी वाकली आहे, वहिनीच्या सोलकढीला काय चव आहे. पाइपलाइन पुढे सरके, मागून वेल्डर तुकडे जोडत. इंजिनिअर आठल्ये खूश होते.

बेट अगदी जवळ आलं आणि पाइपलाइन थांबली. पाणबुड्यांना बिघाड सापडेना. शेवटी आठल्यांनी तिलाच कारण विचारलं.

"माका न्हेवक कोण येतला?" पाइपलाइन म्हणाली.

न्यायला कुणी आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही, हे आराखड्यात कुणी धरलंच नव्हतं. खात्याने भिवाला रीतसर कळवलं. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि तिला धरून अंगणात घेऊन गेला. वहिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आल्या आल्या लेकीला कामाला जुंपायचं नाही, म्हणून पाणी सोडणं आठवडाभर पुढे गेलं. वरिष्ठांनाही ते पटलं.

द्वारकाबाईंचं काम संपलं होतं, तरी त्या पाइपला कान लावून बसल्या. अंगणातलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. भिवाचा आवाज म्हातारा झाला होता. तो ऐकून त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"द्वारकेक कित्याक नाय हाडलंस?" बहिणीला सोबत का आणलं नाही, असं भिवाने विचारलं.

पाइपलाइन सरळ मनाची. "तिका न्हेवक कोण इलोच नाय."

पलीकडे भिवाने वल्हं मागितलं. मग वहिनी "सावकाश जावा" म्हणाली, आणि वाळूवरून होडी पाण्यात ढकलल्याचा आवाज आला.

आता तोंडाला झाकण बसवायला हवं, असं आठल्ये म्हणाले. द्वारकाबाई म्हणाल्या, बसवा, आणि लुगडं बदलायला घरी गेल्या.