बाबांनी पुसलेला समुद्र

दाताच्या डॉक्टरकडून अर्धा जबडा बधिर करून घेऊन ती घरी आली, तेव्हा बाबा तिच्याच कॉम्प्युटरसमोर बसून चष्मा पुसत होते. तिला बघताच ते निमूटपणे उठले, खुर्ची मोकळी केली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिलाही घाई होती. एकोणीस फोटोंचं फोल्डर तिने न उघडताच ऑफिसला पाठवून दिलं आणि गाल धरून बसली.

तिचं काम जरा जगावेगळंच. थेट समुद्रात येऊन संपणाऱ्या हिमनद्यांवर तिचं ऑफिस उपग्रहातून नजर ठेवायचं. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की समुद्रात गढूळ पाण्याचा डाग पसरतो. डाग जेवढा मोठा, तेवढं वितळणं जास्त. दोन वर्षं ती कंत्राटावर असे डाग मोजत होती, आणि या मोसमाच्या अहवालावर तिचं कायम होणं अवलंबून होतं.

वीस मिनिटांत ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला.

"अहो, डाग कुठे गेले?"

"अं?"

"मधला एक सोडला तर कुठल्याच फोटोत गढूळ पाणी नाही! वितळणं थांबलं की काय? खात्री आहे ना तुमची?"

'एक मिनिट थांबा, बघते,' असं तिला म्हणायचं होतं. पण जीभ जागची हलेना. "अं," एवढंच बाहेर पडलं.

"कमालच झाली! संचालकांना लगेच सांगते. बारा वाजता मीटिंग," म्हणून मॅडमनी फोन ठेवलासुद्धा.

तिने फोल्डर उघडलं. समुद्र निळाशार, लख्ख, जणू आत्ताच कुणी फडक्याने पुसलाय. आता घरात फडकं फिरवणारं माणूस एकच होतं.

"बाबा! तुम्ही हात लावलात यांना?" तिने बोबड्या जिभेने कसंबसं विचारलं.

"नुसता हात? चांगला दोन तास राबलोय. इतका देखणा समुद्र आणि मधेच हे चिखल सांडल्यासारखे डाग! रोज त्यांच्याकडे बघून तू चरफडत असतेस. म्हटलं, पोरीचं काम हलकं करू."

"अहो, मग सांगायचं तरी!"

"चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला मी. काय पुसलं ते गिऱ्हाईकाला कधी सांगायचं नसतं. सांगितलं की ते आरशात तेवढंच शोधत बसतं."

तिला रडूही येत होतं आणि रागही. पण स्टुडिओ बंद झाल्यापासून बाबांचा चेहरा इतका खुललेला तिने पाहिला नव्हता. तिने अडखळत का होईना, डागांचं महत्त्व समजावून सांगितलं.

"अरे देवा," बाबा मटकन खाली बसले. "म्हणजे मी पुरावाच पुसला की!" मग क्षणभराने, "पण काय गं, बर्फ पांढरंशुभ्र, मग पाणी मातकट कसं?"

"वितळलेलं पाणी भेगांमधून बर्फाच्या तळाशी जातं. तिथल्या दगडाचं घासून पीठ झालेलं असतं. ते घेऊन पाणी समुद्रात खोलवर बाहेर पडतं आणि वर येतं."

"बघ! आणि आम्ही समजत होतो, बर्फ आपलं जागच्या जागी विरघळतं!"

मूळ फोटो ऑफिसच्या साठ्यात होते, म्हणून निभावलं. ते उतरवून घेताना तिला एक सुचलं. मूळ फोटोतून बाबांचा फोटो वजा केला तर? तिने करून पाहिलं. पडद्यावर नुसता डाग उरला, कड अगदी रेखीव. हेच डाग माउसने गिरवायला तिला सहा आठवडे लागले होते, आणि तिची रेघ दर वेळी बर्फावर चढायची. तिला बापाचा अभिमान वाटला आणि, खोटं कशाला बोला, थोडा हेवाही वाटला.

"पण अठराच निघाले. सातवा राहिला तुमच्याकडून."

"राहिला नाही, सोडला. तो डाग नव्हेच. सावली आहे ती. सावली पुसली की चेहरा सपाट होतो."

सातवा फोटो म्हणजे मोसमातला सगळ्यात मोठा लोंढा. अख्खा अहवाल त्याच्यावर उभा होता; त्या एका फोटोवर केलेला कच्चा अहवाल वरून मंजूरही झाला होता. बाबांनी फोटोच्या कोपऱ्यातल्या ढगावर बोट ठेवलं. ढगाला एका बाजूला खाच होती. तरंगत्या बर्फावर काळपट पसरलेल्या तिच्या 'लोंढ्या'लाही त्याच बाजूला तशीच खाच होती.

बाराला दोन मिनिटं कमी होती. गप्प बसावं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. पण डोळ्यांसमोर ती खाच दिसत असताना गप्प बसायचं कसं?

मीटिंग सुरू झाली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर संचालक, मॅडम आणि तीन तज्ज्ञ येऊन बसले. एव्हाना जीभ सुटली होती. तिने आधी बाबांचा पराक्रम सांगितला, मग वजाबाकी दाखवली आणि शेवटी एका दमात म्हणाली, "आणि सातव्या फोटोत पाणी नाहीच. ढगाची सावली आहे. चूक माझी."

गेलीच नोकरी, असं तिला वाटलं.

संचालकांनी घसा खाकरला. "कच्च्या अहवालात हा फोटो तपासला कुणी होता?"

तिन्ही तज्ज्ञांना एकदम आपापल्या टेबलावरचे कागद आठवले. मॅडम हळूच म्हणाल्या, "या तिघांनी. मग मी. आणि खाली शेवटची सही... आपली, सर."

"असं होय," संचालक म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "प्रामाणिक माणूस आहात. कायम करायला माझी हरकत नाही. आणि ते... तुमचे वडील मोकळे असतात का हो? पलीकडच्या हिमनदीचे दोनशे फोटो पडून आहेत."

तिच्या खांद्यावरून बाबांनी डोकं पुढे घातलं.

"पाठवा की! फक्त आधीच सांगा, डाग ठेवायचे की काढायचे?"