अर्जाच्या पाच प्रती

ग्रंथपाल टेबलावरची ‘शांतता राखा’ ही पाटी पुसत होते, तेवढ्यात बाई आल्या. बाई म्हणजे त्यांच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पन्नाशीच्या ग्रंथपालांना त्या अजूनही अरे-तुरे करत आणि ग्रंथपाल अजूनही ताडकन उठून उभे राहत.

"अर्ज लिहून दे रे एक. आमच्या गल्लीतून रोज सकाळी कुणीतरी मोटारसायकल फडफडवत जातो. कानठळ्या बसतात मेल्या!"

ग्रंथपालांनी पुसलेली पाटी पुन्हा पुसायला घेतली. कारण तो कुणीतरी म्हणजे तेच होते. महिन्यापूर्वी गतिरोधकावर सायलेन्सर फुटला, आज-उद्या करता करता दुरुस्ती राहिली. मग लक्षात आलं, की लोक वळून बघतात! जन्मभर हळू बोललेल्या या माणसाला ते फार आवडलं. पण ग्रंथालयात कळलं असतं तर त्या पाटीमागे बसायला तोंड राहिलं नसतं. म्हणून गाडी दोन गल्ल्या अलीकडे लागायची आणि हेल्मेटची काच कायम खाली असायची.

"टाइप करून देऊ, बाई?"

"हातानं लिही. पाच प्रती."

बाईंनी मजकूर सांगितला. पहिली प्रत ग्रंथपालांनी नाइलाजानं लिहिली. दुसरीच्या वेळी ‘तान्ही बाळं दचकून उठतात’ इथं पेन अडखळलं. तिसरी चालू असताना पोस्टमन पुस्तक बदलायला आला.

"मीही सही करतो. माझी गाडी मांजराच्या पावलानं चालते हो, तरी काल एक आजोबा काठी घेऊन धावले! म्हणे, तुम्ही मोटारसायकलवाले सगळे गुंड."

ग्रंथपालांना फार वाईट वाटलं. पाचव्या प्रतीपर्यंत तर त्यांना त्या मोटारसायकलवाल्याचा असा संताप आला, की पदरचा ‘निर्लज्ज’ घालून ते मोकळे झाले.

संध्याकाळीच त्यांनी नवा सायलेन्सर बसवून घेतला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. फाटकाशी झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंनी मात्र हात केला.

"काच वर कर."

त्यांनी मुकाट्यानं केली. बाईंनी पाचही अर्ज त्यांच्या हातात ठेवले.

"हे कुठं द्यायचेच नव्हते."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"शाळेतही तुला सांगून काही उपयोग नसायचा. पाच वेळा लिहून काढलंस, की डोक्यात शिरायचं."

ग्रंथपाल ओशाळून हसले. गाडी सुरू करणार, तोच बाई म्हणाल्या, "आणि तो ‘निर्लज्ज’ मी सांगितला नव्हता. त्याचा एक गुण जास्त दिलाय."