भोपळ्याचं पथ्य

सकाळपासून सोनूची चौथी चड्डी धुवायला पडली, तेव्हा मयुरीनं ठरवलं, आता जंताचं औषध पुरे झालं. पोर अडीच वर्षांची. जेवली की तासा-दोन तासांनी पोट धरून वाकायची, कधी ओकायची, आणि मग पातळ, शेंबडासारखं चिकट व्हायचं. महिनाभरात वजन अर्धा किलोनं उतरलं होतं.

नागभीडला नव्यानं आलेले, सांगलीकडचे डॉक्टर होते. त्यांनी पोट चाचपलं, तपासण्यांचे कागद पाहिले.

"जंत नाहीत, आवही नाही. खाण्यातलं काहीतरी हिच्या आतड्यांना सोसत नाहीये. दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, गहू, तीन आठवडे सगळं बंद. रोज काय खाल्लं आणि नंतर काय झालं, ते वहीत लिहा. फरक पडला नाही तर नागपूरला नळी टाकून आतडी बघावी लागतील."

नळीचं नाव ऐकून मयुरीनं स्वतःचंच पोट धरलं.

घरी सासूबाई गोकुळाबाईंनी कारभार हातात घेतला. "एवढ्याशा लेकरात नळी? नाई. जे बंद म्हनलं, ते पोरीले नाई, घरालेच बंद."

तलावात जाळं टाकून जगणारं घर ते. तरी मयुरीचा नवरा निकेश पकडलेली मासळी परस्पर बाजारात नेऊ लागला. अंड्यांचा मोह नको म्हणून कोंबड्या गोकुळाबाईंच्या बहिणीकडे गेल्या. पोर कपाकडे पाहून हात पसरते म्हणून सासरे इस्तारी बिनदुधाचा चहा प्यायला लागले आणि दर घोटाला घरातल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं पाहू लागले.

सोनूच्या वाट्याला भात, वरण आणि भोपळा उरला. तीन दिवस तिनं तोंड मिटून घेतलं. चौथ्या दिवशी वाटीभर खाल्लं. मग दोन वाट्या. वहीत मयुरीनं 'भोपळा, दोन वाट्या' याखाली रेघ ओढली.

पोट मात्र जास्तच बिघडलं.

याचा अर्थ एकच होता. कोणीतरी पोरीला चोरून काहीतरी चारत होतं. मयुरी सोनूचं तोंड हुंगू लागली. सासूबाई बाजारातून आल्या की त्यांची थैलीही. आणि अलीकडे सासूबाई काही काम नसताना चुलीपाशी येऊन उभ्या राहात, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"बाबा, तुमी त नाई देलं हिले काई?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"मीच काळं पानी पिऊन राह्यलो माय. देऊ कोठून?"

एकोणिसाव्या दिवशी सोनू तीनदा ओकली. मयुरीनं फोन केला. डॉक्टर म्हणाले, "उद्या या. ती जे जेवते ते डब्यात घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सासू-सुना पोरीला घेऊन गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी आधी वही वाचली. "भोपळा, दोन वाट्या. भोपळा, अडीच वाट्या, परत मागितला. माझी मुलगी भोपळा बघून पळते. तुमची मागून खाते?"

"चव हाये माह्या सुनेच्या हाताले," गोकुळाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी डबा उघडून चमचा फिरवला. "हे गुलाबी काय आहे?"

"झिंगे."

"झिंगे म्हणजे सुकट, सुकी कोळंबी? मी मासे बंद सांगितले होते."

"बंदच हायेत सायेब. एक काटा नाई आला घरात."

"मग हे?"

"हे मासे काऊन राहातीन? झिंगे हायेत. भाजीत टाकाचे असतेत."

डॉक्टर मयुरीकडे वळले. "वहीत का नाही लिहिले?"

"मीठ बी कुठी लिहिलं सर?"

त्यांनी पानं उलटली. मीठ खरंच नव्हतं. "पथ्याच्या आधी किती टाकत होता?"

"चिमूटभर."

"आणि पथ्य लागल्यावर?"

"पोरगी खायेच नाई. मंग मूठभर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नागपूरचं सध्या राहू द्या. आधी हे बंद करा. बाकीचं नंतर एकेक करून देऊन बघू."

बसस्टँडवर सोनू आजीच्या खांद्यावर झोपली होती.

"आई, मी तुमची थैली हुंगत होती," मयुरी म्हणाली. "मले वाटलं, तुमीच काई देऊन राह्यल्या."

"मालूम हाये मले." गोकुळाबाईंनी नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मले वाटे तूच देत असशीन. नाई त चुलीपाशी काऊन उभी राहात होती मी?" मग म्हणाल्या, "अन् झिंगे टाकतानी पाह्यलं बी होतं तुले. दोनदा मीच म्हनलं, अजून टाक."

आठ दिवसांत सोनूचं पोट निवलं. नवव्या दिवशी तिनं बिनझिंग्यांच्या भोपळ्याचा एक घास घेतला, थुंकला, ताटली ढकलली आणि भोकाड पसरलं. निकेश धावत आत आला. मयुरी आणि गोकुळाबाई सांडलेल्या भाताशेजारी निवांत बसून होत्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच, पोर कशासाठी रडते आहे ते दोघींना नीट कळत होतं.