रद्दीच्या काट्यावरचा सिद्धार्थ

आमच्या सोसायटीत दर रविवारी रद्दीवाला येतो, आणि पेपरांचे गठ्ठे उतरले की त्याच्या काट्यावर आमचा शेजारी सिद्धार्थ चढतो.

"साहेब, या आठवड्यात रद्दी वाढली. तुम्ही नाही," रद्दीवाला सांगतो.

मुलांनो, पिंपळे सौदागरला आजीकडून निघताना तुम्हाला समोरच्या दारातून टाटा करणारा उंच काका, तोच हा. चाकणच्या कंपनीत आहे. उंची भरपूर, जाडी जवळजवळ नाहीच. कंपनीतले मित्र विचारतात, "राव, शर्ट हँगरसकट घातलास काय?" सगळ्यांत आधी हाच हसतो. केळी खातो, अंडी खातो, जिमला जातो. दंड मात्र आहेत तसेच. "खाल्लेलं लागतच नाही, काकू. बांधाच असा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मला वाटायचं, लग्नासाठी चाललंय सगळं.

मागच्या वर्षी तुमच्या आजोबांचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलने रक्तदाते आणायला सांगितले. सिद्धार्थ शिफ्ट संपवून थेट आला. वजन केलं, तर रक्त द्यायला लागतं तेवढं चक्क भरलं! मी मनातल्या मनात हात जोडले. पण तो खाटेवर आडवा झाला मात्र, आणि खिशातून ठणकन पाना पडला. मागोमाग दुसरा. स्कूटरच्या डिकीतली सगळी हत्यारं त्याने पँटच्या खिशांत कोंबली होती.

"भाऊ, हे काय?" नर्सने विचारलं.

"दोन किलो कमी पडतात, सिस्टर. घ्या ना. घरचं माणूस आहे."

तिने घेतलं नाही. नियम त्याच्याच भल्याचा होता. तो मान खाली घालून बाहेर आला. "आईच्या वेळीही असंच परत पाठवलं होतं, काकू," एवढंच बोलला आणि फोन लावत बसला. संध्याकाळच्या आत ते हँगरवाले मित्र हजर! आज तुमचे आजोबा बाल्कनीत बसून पेपर वाचतात, ते त्या पोरांमुळे.

तेव्हापासून माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा समोरच्या घरी जातो. तो रिकामाच परत यायला हवा, अशी माझी शिस्त आहे.

गेल्या रविवारी रद्दीवाला येऊन गेला, पण हा काट्याकडे फिरकलाच नाही. दुपारी बेल वाजली. दारात सिद्धार्थ. शर्टाची बाही वर दुमडलेली, कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला.

रिकामा डबा माझ्या हातात देत म्हणाला, "काकू, शिबिरात घेतलं माझं रक्त. खिशात काही नव्हतं."