तीन टाक्यांची जीप

मी शिकलो तो सर्जेरावमामांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पैठणजवळच्या आमच्या खेड्यातून मामांनी मला जीपच्या मागच्या बाकावर पत्र्याच्या पेटीसकट बसवून शहरात आणलं आणि चिकलठाण्यातल्या आपल्या गॅरेजवरची खोली दिली. मी मदतीला खाली उतरलो की ओरडायचे, "पाना खाली ठेव! तुझा हात पेनाचा हाय."

त्याच जीपला आता डिझेलच्या तीन टाक्या आहेत.

पहिली कंपनीची, चाळीस लिटरची. दुसरी मामांनी स्वतः पत्रा कापून, वेल्डिंग करून मागच्या बाकाच्या जागी बसवली. वळणावर डिझेल हिंदकळू नये म्हणून आत पत्र्याचे आडवे पडदे घातले. तिसरी चेसीच्या कडेला, दगड लागू नये म्हणून खालून जाड पत्रा. शिवाय मागच्या दाराला दोन कॅन. टाकीत हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि चष्मा कपाळावर ढकलून बुडबुडा येतो का बघायचं, हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम. वजनानं जीप मागं बसली, नाक आभाळाकडं गेलं. मामांनी मागच्या स्प्रिंगच्या कमानींत एकेक पाटा वाढवला. नाक खाली आलं, पण टाक्या रिकाम्या असल्या की जीप खड्ड्यात अशी उडते की मामी देवाचं नाव घेतात.

आणि एवढी तयारी करून ती जाते कुठं? पैठणला.

शेजारचे पंक्चरवाले शेखचाचा रोज विचारतात, "मामू, गाडीकू टाकी लगाए की टाकीकू गाडी?"

मामांचं उत्तर ठरलेलं. "चाचा, पंप काय आपली वाट बघत बसलाय व्हय?"

मामींचं दुःख वेगळं. "बाक काढून टाकला. आता पाव्हणं आलं तर काय डिझेलवर बसवायचं?"

मी राजस्थानात सौरऊर्जेच्या एका प्रकल्पावर नोकरीला आहे. गेल्या दिवाळीला आलो तेव्हा मामा जीपखाली होते. फक्त पाय दिसत होते. मी पायांनाच विचारलं, "मामा, एवढं डिझेल घेऊन जायचं कुठं?"

"तुझ्याकडं," पाय म्हणाले. "दोनशे जायाला, दोनशे यायाला. वाळूत ही लिटरला पाच देती. म्हंजी ऐंशी लिटर. वाट चुकली तर? म्हनून तिसरी. तूच म्हनला व्हतास ना, दोनशे किलोमीटर पंप नाय म्हनून?"

म्हणालो होतो. तीन वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, मामा फोनवर म्हणाले होते, "तुझं हापीस बघाया यावं म्हनतो." माझ्या खोलीत तेव्हा शहरात वाढलेले दोन इंजिनिअर सोबती होते. मामांचा मोठा आवाज आणि ग्रीसनं काळी झालेली नखं माझ्या डोळ्यांपुढं आली. मी पटकन म्हणालो, "इकडं सगळी वाळू आहे मामा, दोनशे किलोमीटर पंप नाही." मामा "बरं, बरं" म्हणाले. मला वाटलं, समजले. ते एवढंच समजले होते की आपली टाकी लहान आहे.

मामा जीपखालून बाहेर आले. तोंडाला माती, पण चेहरा खुलला होता. "आता पंपाची अडचण ऱ्हायली नाय. तुला सवड असली की सांग. घाई नाय."

मी साबणाच्या पाण्याचा डबा तेवढा त्यांच्या हातात दिला.

फोनवर मामा नुसतं "व्हय, व्हय" करून ठेवून देतात. म्हणून राजस्थानात परत आल्यावर पत्र लिहिलं.

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

मामा, पंप आहे. माझ्या खोलीपासून चार किलोमीटरवर. तुम्ही यायचं म्हणालात तेव्हाही होता. रस्ता डांबरी आहे, मोठाले ट्रक येतात. मी खोटं बोललो. चार लोकांत तुम्ही माझे मामा आहात हे सांगायची मला लाज वाटली होती. आता ते आठवलं की माझीच वाटते. सोबत्यांना मी सगळं सांगितलं आहे. त्यांना पडदे घातलेली टाकी आत कशी असते ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

कडेची टाकी राहू द्या. बाकाच्या जागची मात्र काढा आणि बाक परत बसवा. मामींना पुढं बसवून या. मी रजा टाकली आहे. परतीला मागं मी बसणार आहे."