वऱ्हाडी बाईच्या साऱ्या तऱ्हा

आमच्या शेजारच्या घरातनं भर दुपारी "बाद!" अशी आरोळी आली की नव्या माणसाला वाटतं, आत टीव्हीवर क्रिकेट चाललंय. तसं काही नसतं. आत मुकुंदराव संगणकासमोर बसलेले असतात, आणि त्यांनी आणखी एक सॉफ्टवेअर नापास केलेलं असतं.

सॉफ्टवेअर कसलं, तर टिपणं ठेवायचं. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात, मुकुंदराव संगणक घेऊन आले. "माणसाचं सगळं एका जागी पाहिजे, वहिनी," असं ते मला कुंपणावरनं सांगत. सगळं म्हणजे औषधांची नावं, फोन नंबर, गॅसची टाकी कधी लावली, नळाला पाणी कधी आलं, कोणत्या पाहुण्याला चहात साखर चालत नाही.

मी म्हणायची, "मग वहीत लिहा की."

"वहीत शोधता येत नाही."

"अहो, पण शोधायला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं ना?"

यावर ते माझ्याकडं असे बघायचे, जशी काही मी चपला घालून देवघरात शिरलेय. कारण खरी गोष्ट अशी की मुकुंदरावांनी आजवर एकसुद्धा टिपण लिहिलेलं नव्हतं. निवडच संपत नव्हती, तर लिहिणार कधी?

निवडीची परीक्षा ठरलेली. ते आयुष्यभर सरकारी ऑफिसात मराठी टायपिस्ट होते, त्यामुळं अक्षराच्या बाबतीत लई कडक. कोणतंही सॉफ्टवेअर आलं की त्यात पहिल्यांदा एकच वाक्य टाइप करायचे: "वऱ्हाडी बाईच्या साऱ्या तऱ्हाच न्याऱ्या." आता या वाक्यात ओळीनं चार ठिकाणी तो आपला मराठीतला अर्धा र येतो, भुवईसारखा आडवा, हलकेच बसलेला. ती भुवई त्या काळी भल्याभल्या सॉफ्टवेअरांना काढता यायची नाही. कुणी र उचलून ह च्या डोक्यावर रफार करून बसवायचं, 'वर्हाडी'. कुणी त्याचा पाय मोडायचं. कुणी नुसत्या रिकाम्या चौकटी दाखवायचं. की लगेच, "बाद!"

त्यांना ही सॉफ्टवेअरं पुरवायचे रफीकभाई, चौकातल्या संगणकाच्या दुकानाचे मालक. एकदा माझ्यासमोरच ते कपाळाला हात लावून म्हणाले, "काका, तुमको सॉफ्टवेअर होना के जमाई होना? इत्ता तो लोगां लडकी के वास्ते बी नै देखते!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, रफीकभाई."

आणि ज्यांच्यावरनं ते वाक्य, त्या मुकुंदरावांच्या पत्नी विमलवहिनी जिन्यातनं ओरडायच्या. माहेर अकोल्याकडचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बोली तशीच्या तशी. "काहून हो, रोज माह्या माहेरावर येता? तुमच्या मराठवाड्यात तो 'ऱ्ह' पिकत नाई का?"

"पिकतो की. पण तऱ्हा वऱ्हाडच्याच लागतात."

"बाप्पा!" असं म्हणून त्या वर निघून जायच्या. जाताना हसायच्या, हे मला दिसायचं. मुकुंदरावांची जिन्याकडं पाठ, त्यांना दिसायचं नाही.

मग ते कोरडे पावसाळे आले. एका मागनं एक. शेतं सुकत होती आणि आमच्या गारखेड्यात मात्र इमारतींचं पीक जोरात. मागच्या मोकळ्या प्लॉटवर मोठी इमारत उभी राहिली, तिनं खोल बोअर घेतला, आणि आमच्या लाइनीतल्या सगळ्या बोअरांनी माना टाकल्या. नळ कधी येणार ते नळालाच ठाऊक. आला तरी धार बारीक, वरच्या टाकीत चढायचीच नाही. मुकुंदरावांचं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर, हौद खाली अंगणात. विमलवहिनी जिन्यानं बादल्या चढवायच्या. मुकुंदराव चढवायचे नाहीत असं नाही, पण एकदा नळ आला तेव्हा ते सॉफ्टवेअर बसवत होते आणि मी फाटक वाजवून वाजवून दमले, तरी त्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हापासनं वहिनींनी ते खातं स्वतःकडंच घेतलं.

शेवटी वहिनींचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, जिना बंद, वजन बंद. पुण्याची लेक सुनंदा आली आणि आईला घेऊन गेली. म्हणाली, बाबा, तुम्हीपण चला.

"आन् इथं नळ आला आन् घरात कुणीच नसलं तर?"

मी म्हटलं, "नळ म्हणजे काय पाहुणा आहे का, परत जायला?"

"व्हय, परतच जातो ना तो," मुकुंदराव म्हणाले. वहिनींना मात्र सांगितलं, "वरच्या टाकीत पाणी चढायला लागलं की ये."

पाणी काही चढलं नाही. इकडं "बाद!" दुप्पट वाढलं. कधीकधी तर जुनंच, नापास झालेलं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचे, पुन्हा तेच वाक्य टाइप करून मोठ्यानं वाचायचे आणि पुन्हा नापास करायचे. मी भाजीची वाटी द्यायला गेले की पडद्यावर वऱ्हाडी बाई हजर. नवरा-बायकोचं फोनवरचं बोलणं म्हणाल तर, "आलं का?" "आलं." "चढलं का?" "नाय." संपलं.

बाकीचं बोलायला वहिनी मला फोन करायच्या.

"त्यायले कोणतं पसंत पडलं का?"

"नाय हो. कालच एक बाद झालं."

"मंग बरे हायेत," त्या म्हणायच्या. "ज्या दिवशी पसंत पडलं, त्या दिवशी मले सांगा. मी येतो." त्यांच्याकडं बायकाही 'येतो-जातो' म्हणतात.

मला वाटायचं, थट्टा करतायत.

एक दिवस रफीकभाई माझ्याच दारात आले. चेहरा उतरलेला. "काकू, जरा चलके देखो. काकाने 'चालेल' बोले."

"मग चांगलं झालं की! सुटलात तुम्ही."

"नै काकू. गलत आया तो बी 'चालेल' बोले."

मी हातातलं पीठ तसंच ठेवून गेले. पडद्यावर वाक्य होतं. ह च्या डोक्यावर रफार चढून बसलेला, 'वर्हाडी', ढळढळीत.

"मुकुंदराव, हे चुकलंय."

"चालेल, वहिनी. कुणाला वाचायचंय?"

मी खुर्ची ओढून बसले. तेव्हा मुकुंदराव म्हणाले, "सुनंदाचा फोन होता. आईला आता कायमचं इकडंच राहू द्या म्हणाली. तिथं लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"चालेल म्हणालो."

घरी येऊन मी पहिला फोन पुण्याला लावला. सगळं सांगितलं. पलीकडनं वहिनी कडाडल्या, "कायमचं? हे ठरवलं कोणी? मले कोणी इचारलंच नाई!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकुंदरावांच्या फाटकाशी रिक्षा थांबली, वहिनी उतरल्या. एका हातात काठी, एका हातात पिशवी, आणि मागनं कुणी सोबत नाही. मुकुंदराव उठून उभे राहिले. वहिनी सरळ त्यांच्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, पडद्यावरचं वाचलं.

"ही 'वर्हाडी' कोण?"

"ते… रफार झालाय."

"मंग चालेल कसं? बाद!"

मुकुंदरावांनी घाईघाईनं ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. मग हळूच म्हणाले, "गुडघे?"

"गुडघे तिथंही दुखतात. वरून भांडाले कोणी नाई."

"पण पाणी अजून वर चढत नाही गं."

"मी तरी कुठं चढतो म्हणतो? चूल खाली आणा."

संध्याकाळपर्यंत रफीकभाईंनी दुकानातला माणूस बोलावून गॅस खाली आणून दिला. त्या एकाच खोलीत खाट, शेगडी, माठ आणि संगणक. फोडणी पडली की मोहरी थेट कीबोर्डवर.

मी म्हटलं, "झालं की मुकुंदराव, आलं सगळं एका जागी."

"आलं," ते म्हणाले. आणि मग एकदम ताठ बसून, "पण सॉफ्टवेअर काही अजून मिळालेलं नाही हां, वहिनी. तत्त्वाचा प्रश्न आहे."

अजूनही दुपारी कुंपणापलीकडनं कीबोर्डची टकटक येते, मोठ्यानं वाचलेलं ते वाक्य येतं, मग शेगडीकडनं बाईच्या आवाजात आरोळी येते.

"बाद!"